कुणाकडं मारू?

"मार की पुढं! धरून काय बसलाईस!" मी ओरडलो आणि त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. तो म्हणजे यजमान संघाचा लेफ्ट बॅक. माझ्यापासून दोन हातांवर होता, मध्ये फक्त कमरेएवढा लोखंडी बार. बॉल त्याच्या तळपायाखाली दाबलेला, पुढचे सगळे गडी समोरच्या संघानं घेरलेले, आणि वरून बारीक पाऊस. माझे शब्द मराठी, त्यातही आमच्या कोल्हापूरच्या पेठेतले. ते त्याला कळायचा प्रश्नच नव्हता. पण हे ओरडणं आपल्यासाठीच आहे, एवढं त्याला बरोबर कळलं. ओरडणारा चेहरा त्यानं शोधला, दोन्ही तळवे पसरले, "कुणाकडं मारू?" असं डोळ्यांनीच विचारलं, आणि बॉल मागं गोलकीपरकडं सरकवून आपल्या जागेवर पळत गेला. तोंडातून वाफ निघत होती त्याच्या. सगळा प्रकार एका श्वासात उरकला. पुढं मॅच चालू राहिली, बाकी कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नसेल. पण ते पसरलेले तळवे काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. आप्पांचं बोट धरून चालत होतो तेव्हापासून मी फुटबॉल बघतोय, आणि तेव्हापासूनच ओरडतोय. मैदानातून कुणी उत्तर दिल्याचं मला आठवत नाही.

ही गोष्ट इंग्लंडमधल्या शेफिल्डमधली, सँडीगेट रोडवरच्या हॅलम एफसीच्या मैदानावरची. मंगळवारची संध्याकाळ होती. इथं खालच्या पातळ्यांवरच्या लीगच्या मॅचेस शनिवारी दुपारी असतात, नाहीतर मग अशा आठवड्याच्या मधल्याच एखाद्या रात्री, दिवसभराची कामं आटोपल्यावर. गावातून बस क्रॉसपूलकडं चढायला लागली की थांबतच नाही. शेफिल्ड सगळं चढउताराचं, आणि हे मैदान तर पार वर, पश्चिमेच्या अंगाला. मी उतरलो तेव्हा काळोख पडून बराच वेळ झाला होता. दोन्ही बाजूंना काळपट दगडाची घरं, खिडक्यांमधून टीव्हीचा निळसर उजेड, कुणीतरी ओला कुत्रा घेऊन निघालेलं. मैदान कुठंय हे कुणाला विचारावं लागलं नाही. घरांच्या धुराड्यांच्या वर पांढराशुभ्र उजेड उभा होता आणि त्या उजेडात पाऊस तिरका पडताना दिसत होता. पावसाचा थेंब न् थेंब दिसतो तो फक्त अशा दिव्यांखालीच. बाकी ठिकाणी तो नुसता अंगाला लागतो.

दारावर एक बाई पैसे घेत होत्या. तिकीट हातात ठेवताना त्यांनी विचारलं, पहिल्यांदाच आलायस ना? मी हो म्हटलं. मग त्यांनी मान बाहेर काढून चहा कुठं, संडास कुठं आणि पाऊस वाढला तर कुठं उभं राहायचं, हे हात करून दाखवलं. आत गेलो. बसायला एक छोटा स्टँड, बाकी सगळीकडं बारला टेकून उभं राहायचं. एका अंगाला क्रिकेटचं मैदान, तिकडं नुसता अंधार. आणि मैदानाला उतार! उतार म्हणजे डोळ्यांना दिसणारा, चांगला दणदणीत. गोलकीपरनं बॉल खाली ठेवला की तो हलतो का ते आधी बघायचा आणि मगच मारायचा.

या जागेवर 1804 पासून क्रिकेट खेळलं जातंय आणि 1860 पासून फुटबॉल. दोन वेगळ्या क्लबांमधली जगातली पहिली मॅच इथंच झाली, 26 डिसेंबर 1860 रोजी. समोर होता 1857 साली निघालेला शेफिल्ड एफसी, आणि हॅलम ती मॅच दोन गोलनी हरलं. आज जगभर ज्या खेळापायी माणसं वेडी होतात, त्याचा कॉर्नर इथल्याच शेफिल्ड नियमांमधून आला. हे सगळं मी आधी वाचलं होतं, त्यामुळं मनात कुठंतरी देवळात निघाल्याचा भाव होता. तिथं मात्र कुणी तसं वागत नव्हतं. जगातलं सगळ्यात जुनं मैदान म्हणून लांबून आलेली दोन माणसं पाटीचे फोटो काढत होती, तेवढंच. बाकी लोक आपले मंगळवारी येतात तसे आलेले. मला ते फार भावलं. दीडशे वर्षांहून जुनी जागा काचेआड न ठेवता तिच्यावर दर आठवड्याला चिखल तुडवायचा, यापेक्षा मोठा मान मला तरी सुचत नाही.

दिव्यांचं आणखी एक. रात्रीची फुटबॉल मॅच हा प्रकारही पहिल्यांदा याच शहरात घडला. 14 ऑक्टोबर 1878 रोजी ब्रॅमल लेनवर चार कोपऱ्यांना तीस-तीस फुटी लाकडी मनोरे उभे केले, त्यांवर विजेचे दिवे टांगले, गोलच्या मागं इंजिनं लावून त्यांवर सीमेन्सचे डायनामो फिरवले, आणि क्लेग आडनावाचे दोन सख्खे भाऊ समोरासमोरच्या संघांचे कप्तान म्हणून उतरले. लोटलेली माणसं वीस हजारांच्या घरात होती म्हणतात. आमच्याकडच्या शिरोलीच्या फाउंड्रीत मी उमेदवारी केली, तिथं रात्रपाळीला भट्टीचं तोंड उघडलं की सगळ्यांचे चेहरे एकदम उजळायचे. पोलादाच्या या गावातल्या कामगारांना तो उजेड रोजचाच असणार. पण तो उजेड कामाचा. कामावरून सुटल्यावर, नुसती मजा बघायला, अंधारात कुणीतरी आपल्यासाठी दिवे लावलेत, हे त्या रात्री त्यांना कसं वाटलं असेल याचा विचार मी बारला टेकून कितीतरी वेळ करत होतो.

मग शिट्टी झाली आणि मला आवाज ऐकू यायला लागले.

स्टेडियममध्ये किंवा टीव्हीवर फुटबॉलला एकच आवाज असतो, गर्दीचा. इथं प्रत्येक गोष्टीचा वेगळा. ओला बॉल छातीवर घेतला की धप्प. बुटाचे खिळे बुटाच्या खिळ्यांना लागले की कचकन. लाइन्समन माझ्यासमोरून पळत गेला की त्याचा श्वास. दोन्ही संघ सतत बोलत असतात हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. "टाइम, टाइम!" म्हणजे तुला वेळ आहे, वळ. "मॅन ऑन!" म्हणजे मागून कुणीतरी आलाय. गोलकीपर तर एक क्षण गप्प नाही. आपल्या बचावफळीला तो बडबडून बडबडून मैदानभर फिरवत होता. मधल्या फळीतला एक पोरगा चुकीचा पास देऊन स्वतःशीच "नो, नो, नो" पुटपुटत परत आला, आणि ते मला ऐकू आलं. कुणाचं तरी मनातलं बोलणं चोरून ऐकावं, तसा मी क्षणभर अवघडलो.

मध्यंतराच्या आधीच थंडी हाडांत शिरली, म्हणून चिप्स घ्यायला गेलो. खिडकीतल्या मुलीनं त्यावर न विचारताच हेंडरसन्स रेलिश या सॉसची बाटली पुढं केली. केशरी लेबलची ही बाटली 1885 पासून शेफिल्डमध्ये बनते आणि शेफिल्डच्या प्रत्येक टेबलावर असते. सारण भरलेली पाय पेस्ट्री असो, मटार असो, बटाटा असो, हिच्याशिवाय यांचं पान हलत नाही. मी सढळ हातानं ओतलं. पहिल्या घासाला आंबट, मग हलकासा लवंगेचा झणका, मागून लसूण. आंबटपणा ओळखीचा वाटला म्हणून बाटली फिरवून वाचली, तर आत चिंच. दिव्याखाली उभा राहून ते गरम, ओलसर चिप्स खाताना मला एकदम कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमबाहेरच्या भेळेच्या गाड्या आठवल्या. कागदाचा तो पुडा, तळाशी साचलेलं चिंचेचं पाणी, आणि "लवकर खा, टीम उतरल्या" म्हणून आप्पांची घाई.

आमच्या वेळी मोठी मॅच चारला सुरू व्हायची. उन्हानं तापलेल्या पायऱ्यांवर पेपर पसरून दुपारपासूनच जागा धरायची. तालमींची नावं तुम्हाला नव्यानं सांगायला नकोत. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस. कुस्तीसाठी निघालेल्या तालमींनी फुटबॉल उरावर घेतला तो असा, की मॅचच्या दिवशी पेठेतली निम्मी दुकानं अर्ध्या शटरवर. हलगी, पिपाण्या, झेंडे, घसा बसेपर्यंत आरोळ्या. एका पेठेत दिलेली मुलगी दुसऱ्या पेठेतली, त्यामुळं मॅचनंतर घरोघरी चार दिवस तोंडं फुगलेली. अलीकडं नायजेरियाचे खेळाडू आले, त्यांच्या नावानंही पोरं आरोळ्या ठोकतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून उतरला, तेव्हा मी इथं शेफिल्डमध्ये लॅपटॉपपुढं एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होतो. हे सगळं माझ्या रक्तात आहे, आणि त्याच्याबद्दल एक शब्द वावगा मला सहन होत नाही.

पण त्या गर्दीत मी लहानपणी बघितलेली एक गोष्ट सँडीगेटवर पुन्हा वर आली. आमच्या गल्लीत एक गोलकीपर राहायचा. नाव घेत नाही, अजून तिथंच आहे. फाउंड्रीत पाळीनं कामाला होता. तळहातावर भाजल्याचे पांढरे डाग, आणि ग्लोव्हज फाटले की त्याची आई ते आतल्या बाजूनं जाड दोऱ्यानं शिवून द्यायची. ते शिवणं मी त्यांच्या उंबऱ्यावर बसून बघितलंय. एकदा समोरच्या पेठेविरुद्धच्या मॅचमध्ये शेवटी शेवटी साधा, जमिनीवरून आलेला बॉल त्याच्या दोन पायांमधून गेला. अख्खं स्टेडियम उठलं. काय काय शब्द निघाले ते मी इथं लिहीत नाही. आईवरून निघाले, एवढंच सांगतो. त्याच आईवरून, जी ग्लोव्हज शिवायची. आप्पाही उठून ओरडत होते, मीही ओरडत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या कट्ट्यावर तो किटली घेऊन उभा होता. आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाळीला जायचंय न्हवं आज?" तो हो म्हणाला. दोघंही कालच्या मॅचबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी मध्ये उभा. काल ओरडणारे आप्पा आणि आज खांद्यावर हात ठेवणारे आप्पा, यांतले खरे कुठले, हे मला तेव्हा कळेना. आज वाटतं, दोन्ही खरे होते. स्टेडियममध्ये ओरडला तो जमाव होता आणि आप्पा त्यात विरघळले होते. कट्ट्यावर मात्र ते एकटे होते.

मध्यंतरानंतर माझ्या शेजारी थर्मास घेतलेले एक आजोबा येऊन उभे राहिले. सगळी हयात पोलादाच्या कारखान्यात गेली म्हणाले. मीही कास्टिंगमधलाच, हे कळल्यावर थर्मासचं झाकण भरून चहा माझ्या हातात दिला. ओरडत तेही होते, आणि चांगले ओरडत होते. पण प्रत्येक वेळी नावानं. चुकला तर नाव घेऊन खडसावायचे, आणि लगेच "अनलकी, सन" म्हणून पदरात घ्यायचे. या पोरांबद्दल त्यांना सगळं ठाऊक. हा शाळेत शिकवतो, तो इलेक्ट्रिशियन, तिकडचा वायव्य टोकाच्या वस्तीतनं दोन बस बदलून येतो. खेळायचे पैसे मिळतात ते पेट्रोलला पुरतील एवढेच. याच शहराच्या उत्तरेला स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स म्हणून क्लब आहे, कारखान्याच्या संघातून निघालेला. शेफिल्ड वेन्सडे या क्लबनं सोडून दिलेला जेमी वार्डी तिथं आठवड्याला तीस पौंडांवर खेळत होता आणि दिवसा फॅक्टरीत दवाखान्यात वापरायच्या आधाराच्या पट्ट्या बनवत होता. पुढं 2016 साली त्यानं लेस्टरला इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. ही कथा इथं सगळ्यांना पाठ आहे. तरी आजोबा ती सांगताना एक वाक्य बोलले ते लक्षात राहिलं. म्हणाले, वार्डी एकच. बाकीच्या पोरांना उद्या कामावर जायचंय.

मग त्यांनी हळूच मागं मान वळवली. लेफ्ट बॅकची आई स्टँडच्या पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर चौकडीची रग टाकून. माझ्या पाठीमागंच. मी ओरडलो तेव्हाही तिथंच असणार.

त्यानंतर मी ओरडलो नाही. आणि खरं सांगायचं तर मॅच फिकी झाली. हे मला लपवायचं नाही. ओरडल्याशिवाय फुटबॉल बघणं मला जमत नाही, ते माझ्या बघण्याचंच अंग आहे. हजारो गळ्यांत आपला गळा मिसळला की दिवसभराचा साहेब, हप्ते, परक्या मुलखातली ती सततची सावध वागणूक, सगळं वितळून जातं. त्या वितळण्याची मला इथं फार भूक लागते. गर्दीत सगळ्यात मोठं सुख हेच, की तुम्ही ओरडलात हे कुणालाच कळत नाही. कुणी तुम्हाला उलट विचारू शकत नाही, की बाबा रे, पास देऊ तरी कुणाकडं? सँडीगेटवर आरोळीला मालक असतो. त्या मुलानं माझा चेहरा शोधून काढला आणि मला विचारलं. त्याचं बरोबर होतं. पुढं खरंच कुणी मोकळं नव्हतं. मी बाहेरून बघत होतो, त्याला आतून दिसत होतं.

एवढ्या लहान मैदानावर खेळणारा आणि बघणारा यांच्यात लपायला जागाच राहत नाही. हे चांगलं की वाईट, माझं अजून ठरलेलं नाही. आमचा तो गोलकीपर सँडीगेटवर खेळता तर त्याच्या आईवरून बोलायची कुणाची छाती झाली नसती, हे नक्की. पण तो गोल वाचवतो तेव्हा शाहू स्टेडियम त्याच्या नावानं जसं दुमदुमायचं, तेही त्याच्या वाट्याला आलं नसतं. एका शनिवारी त्यानं पेनल्टी अडवली होती. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं, आणि त्याची आई गल्लीच्या तोंडाशी आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिनं नंतर कुणाला तरी सांगितलेलं मी ऐकलंय, की पोरानं सोनं आणलं असतं तरी एवढं वाटलं नसतं. ज्या तोंडांनी शिव्या दिल्या त्याच तोंडांनी हे दिलं. एक नको आणि दुसरं तेवढं हवं, असं गर्दीला सांगता येतं का? मला वाटतं, यावं. कष्टानं का होईना, यावं. कोल्हापुरात हल्ली मॅचनंतरच्या मारामाऱ्यांच्या बातम्या वाचल्या की माझा जीव कळवळतो. इतकं प्रेम ज्या खेळावर, तो शिव्या आणि दगडांच्या नावानं ओळखला जाऊ नये. आपल्याच गल्लीतली पोरं आहेत ती. त्यांच्या तळहातावरचे डाग आपल्याला माहीत आहेत.

मॅच यजमान हरले, दोन-एक. शेवटच्या दहा मिनिटांत लेफ्ट बॅक उताराच्या दिशेनं सुसाट निघाला, एकाला चकवून त्यानं बॉल आत टाकला, आणि पुढच्या गड्यानं तो हेडनं बारवरून घालवला. आजोबांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. त्या वेळी माझ्याही तोंडून निघालंच, "वा रं पट्ठ्या!" तो पळत परत येत होता, त्यानं बघितलं नाही.

नंतर क्लबहाउसमध्ये गेलो. काचा वाफेनं धुरकटलेल्या, बिअरचा वास, ओल्या कोटांचा वास. दोन्ही संघ तिथंच जेवायला. थोड्या वेळापूर्वी एकमेकांच्या नडग्या फोडणारे एकाच टेबलावर ताटल्या घेऊन बसले होते. लेफ्ट बॅक ओल्या केसांनी आला, आईच्या हातातली रग काखेत मारली आणि नेमका माझ्याशेजारी रांगेत उभा राहिला. मी म्हटलं, छान खेळलास. तो थँक्स म्हणाला, मग माझ्याकडं जरा निरखून बघून विचारलं, "मघाशी तू काय म्हणत होतास?" मी सांगितलं, की पुढं मार म्हणत होतो. तो मनापासून हसला. म्हणाला, कोचही तेच म्हणत होता. उद्या सहाला उठायचंय म्हणून ताटली हातात घेऊन उभ्या उभ्याच जेवला आणि गेला.

रात्री उशिरा घरी पोचलो, तेव्हा कोल्हापुरात पहाट होत होती. आप्पा चारलाच उठतात, म्हणून फोन लावला. सगळं सांगितलं. मैदान, दिवे, चिंच, तो पोरगा, त्याची आई. गल्लीतल्या गोलकीपरचं नाव निघाल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्याचा मुलगा आता आपल्या तालमीकडनं खेळतो, डावीकडनं. "डावा पाय चांगलाय त्याचा. पण आपली माणसं लई बोलत्यात त्याला." मी म्हटलं, "मग तुम्ही सांगा की आप्पा त्यांना." "सांगतोय की," ते म्हणाले. "परवा एकाला स्टेडियमातनंच उठवला. म्हटलं, बोलायचं तर खाली कठड्यापाशी जा आणि त्याच्या तोंडावर बोल." एवढं बोलून त्यांनी विषयच बदलला आणि खऱ्या मुद्द्यावर आले. "ते ऱ्हाऊ दे. मैदानाला उतार हाय म्हणतोस, मग टॉस जिंकल्यावर आधी चढाची बाजू घेत्यात का उताराची?" मी म्हटलं, मी असतो तर पहिल्या हाफला चढ घेतला असता, दमायच्या आधी. आप्पांना ते अजिबात पटलं नाही. आधी उतार घ्यायचा, दोन गोल मारून ठेवायचे आणि मग सगळी टीम मागं खेचायची, असं त्यांचं म्हणणं. आई चहा घेऊन आली तरी आमचा वाद चालूच होता.